आईच्या मशीनला माझा पाय चालला नाही

हा ग्रुप मी आजवर नुसता वाचत आले. खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. कुणाला विहिरीवर पांढरी साडी दिसते, कुणाच्या गाडीत मागच्या सीटवर कुणीतरी येऊन बसतं... मी आमच्या ह्यांना वाचून दाखवायची आणि दोघं पोट धरून हसायचो. त्यामुळे आज मीच लिहायला बसले आहे म्हटल्यावर हे बाहेरच्या खोलीतून विचारतायत, "काय, दिसली का पांढरी साडी?" नाही दिसली. दिसली असती तर बरं झालं असतं. भुताची नुसती भीती वाटते हो, अपमान तरी वाटत नाही.

मी सांगलीत राहते. जुनी पायमशिनं चालती करणं हे माझं काम. बिडाचा स्टँड, काळी मुंडी, तिच्यावर सोनेरी वेलबुट्टी — तुमच्यापैकी अनेकांच्या घरी माळ्यावर असेल एखादं. लोणंदपासून कवठे महांकाळपर्यंतचे भंगारवाले मला ओळखतात. मशीन आणायचं, खोलायचं, रॉकेलमध्ये भिजवून गंज काढायचा, ऑइल द्यायचं, नवा चामडी पट्टा चढवायचा आणि शिवणारीच्या हातात द्यायचं. हल्ली लोक मुंडी भंगारात घालतात आणि स्टँडवर काच टाकून हॉटेलात टेबल करतात. असली ऑर्डर मी घेत नाही. आमचे हे म्हणतात, हिला नवऱ्यापेक्षा मशीन जवळचं. म्हणोत. मशीन बिघडलं तर त्याला कारण असतं आणि शोधलं की ते सापडतं. सुई उलटी बसलेली असते, शटलला चरा पडलेला असतो, नाहीतर दात्यांत दोऱ्याची गुठळी अडकलेली असते. आजवर सापडलं नाही असं झालं नव्हतं.

आता आईचं सांगते. आमचं गाव कवठे महांकाळच्या बाजूला. वडील लवकर गेले, रान कोरडवाहू, आणि आम्ही दोघी बहिणी. आईने एका शिवणमशीनवर आम्हाला वाढवलं. अख्ख्या गावाचे झंपर, बाळंतिणींच्या पोरांची आंगडी-टोपडी तिच्या हातची. मी थोरली. शाळेतून आले की आईच्या पायाशी बसून बॉबिन भरायची, काजं करायची. माझा पाय पायडलवर नीट पुरतही नव्हता तेव्हापासून मी शिवतेय. धाकटी बेबी. तिने लहानपणी मशीनची सुई बोटात घुसवून घेतली आणि त्यानंतर ती मशीनच्या वाऱ्याला उभी राहिली नाही. आईनेही तिला कधी बसवलं नाही. "तिला न्हाई जमायचं," म्हणायची.

पुढे बेबी पाचगणीला एका बोर्डिंग शाळेत कामाला लागली आणि तिथल्याच स्वयंपाकघरातल्या एका मुलाशी लग्न करून मोकळी झाली. मुलगा आमच्या जातीतला नव्हता. आईने भावकीसमोर सांगितलं, "आजपास्नं मला एकच लेक हाय." त्या दिवसापासून तिने बेबीचं नाव तोंडातून काढलं नाही. आम्हालाही काढू दिलं नाही.

ती एकच लेक म्हणजे मी.

आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी तिला सांगलीला आणलं. उजवी बाजू गेली होती. न्हाऊ घालणं, भरवणं, कूस बदलणं, अंथरूण धुणं — कितीतरी वर्षं. कर्तव्य होतं म्हणून केलं, असं लोक लिहितात. मी तसं नाही लिहिणार. ती मला एकुलती लेक म्हणाली होती म्हणून केलं. मला त्याचा अभिमान होता. एका दिवाळीला सगळे नातेवाईक भेटायला आले होते, त्या सगळ्यांदेखत आई माझ्याकडे बोट करून म्हणाली, "माजं मशीन शोभीचं. तिच्याबिगर त्येला कुणी हात लावायचा न्हाई." तेवढ्या एका वाक्यावर मी पुढची सगळी धुणी हसत धुतली.

आई गेली. मातीला बेबी आली होती. बायकांच्या घोळक्यात मागे उभी राहिली आणि पाणीही न पिता निघून गेली.

मशीन गावच्या घरी बंद खोलीत पडून होतं. गंज चढलेला, कप्प्यात उंदरांनी घर केलेलं. मी ते आणलं आणि मनापासून बसले त्याच्यावर. एवढं चांगलं काम मी कुठल्या गिऱ्हाइकाचंही केलं नसेल. मुंडी अशी चमकली की सोनेरी वेलीचं पान न् पान दिसायला लागलं. चाक बोटाने ढकललं तरी फिरायचं. दोरा ओवला, कापड घातलं, पाय ठेवला...

चाक उलटं फिरलं आणि दोरा तुटला.

ज्यांनी पायमशीन चालवलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. नवशिक्याच्या पायाखाली चाक हमखास मागे फिरतं आणि दोरा तटकन तुटतो. पुढे पाय बसला की आयुष्यात पुन्हा तसं होत नाही, सायकलसारखं. माझा पाय परकर-पोलक्यात होते तेव्हाच बसलाय. आणि आईच्या मशीनवर तो पहिल्या दिवसाच्या पोरीसारखा पडत होता. हाताने चाक सुलट फिरवून सुरुवात केली की दोन टाके पडायचे, पुन्हा झटका बसायचा, पुन्हा दोरा तुटायचा.

मी काय काय केलं नाही! सुया बदलल्या, शटल बदललं, दोऱ्याचं टेन्शन सैल केलं, घट्ट केलं. आईच्या स्टँडवर दुसरी मुंडी बसवली तर ती पाण्यासारखी चालली. आईची मुंडी दुसऱ्या स्टँडवर नेली तर तिथेही तेच. म्हणजे खोट मुंडीत. पण मुंडीत खोट नव्हती! मिरजेचे दस्तगीरचाचा या कामातले जुने. मी अडले की त्यांच्याकडेच जाते. त्यांनी एक दिवस ठेवून घेतलं, चालवून बघितलं. त्यांच्याही पायाखाली दोरा तुटला. शेवटी हात टेकले. "बाई, ह्येला कायबी झाल्यालं न्हाई," म्हणाले, "आन् तरीबी चालंना. घिऊन जावा." वर हसून म्हणाले, "पिकतं तितं इकत न्हाई म्हंत्यात, तसं झालंय तुमचं." मीही हसले तेव्हा.

वर्षश्राद्धाला मी बेबीला बोलावलं. आईने तोडलं होतं, मी नव्हतं. ती आली, एकटीच. केस पांढरे व्हायला लागलेत तिचे. त्या दिवशी सकाळी, पाहुणे यायच्या आधी, मी पुन्हा आईच्या मशीनवर बसून बघितलं होतं. आजच्या दिवशी तरी चालेल, असं वाटलं. बॉबिनमध्ये पांढरा दोरा मी स्वतः भरला होता, वरचाही पांढराच. दुसऱ्या टाक्याला तुटला. तसंच ओवून ठेवून मी उठले.

पाहुणे गेल्यावर दुपारी आम्ही दोघीच घरात. मी बेबीला आईची एक पिवळी सुती साडी दिली. पदराचं टोक उसवलं होतं. म्हटलं, चहा झाल्यावर माझ्या मशीनवर टीप मारून देते. ती साडी घेऊन खिडकीशी जाऊन बसली. तिथे खुर्ची एकच, आईच्या मशीनपुढची.

मी चहा गाळत होते आणि मशीनचा आवाज आला.

मशिनं मी रोज ऐकते. प्रत्येक बाईचा पाय वेगळा वाजतो. आईचा पाय सलग जायचा नाही. जरा धावायचा, क्षणभर थांबायचा, पुन्हा धावायचा. ती मध्येच दाराकडे बघायची म्हणून. तोच आवाज होता. चहाचं पातेलं माझ्या हातून ओट्यावर कलंडलं.

बाहेर आले तर बेबी खुर्चीवर बसलेली. साडीचा पदर सुईखालून सरकत होता. तिचे हात मांडीवर होते आणि दोन्ही पाय वर घेऊन तिने खुर्चीवरच मांडी घातली होती. खाली पायडल हलत होतं. चाक सुलट फिरत होतं. पदराचं टोक संपलं तसं मशीन आपोआप थांबलं.

बेबीने माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा घाबरलेला नव्हता, हे मला अजून खुपतं. रडवेला होता, पण घाबरलेला नव्हता. म्हणाली, "आक्का, म्या न्हाई गं चालवलं. आपसूकच चाललं."

मी पुढे होऊन साडी बाहेर काढली. वरून टीप पांढरी, सरळ, बारीक. उलटून बघितलं तर खालची टीप काळी.

शटल उघडलं. आत मी सकाळी भरलेलं बॉबिन तसंच होतं, पांढऱ्या दोऱ्याने भरलेलं. घरात काळा दोरा आहे, नाही कशाला म्हणू, पण तो माझ्या खोलीतल्या कपाटात. हे मी पुन्हा पुन्हा मनाशी घोळवलंय. पांढऱ्या बॉबिनमधून काळा टाका पडत नाही. पडूच शकत नाही.

बेबी त्या काळ्या टिपेवरून बोट फिरवत अगदी सहज म्हणाली, "आई माज्या समद्या कपड्यास्नी खालनं असाच काळा दोरा घालायची. दिष्ट लागू नये म्हणून. कुणाला सांगू नको म्हणायची." मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुज्या न्हवता व्हय?"

मी म्हटलं, "व्हता की."

नव्हता. बॉबिन मीच भरायची ना! मग काळं बॉबिन आई केव्हा भरायची? मी झोपल्यावर? बेबी आंघोळीला गेली तसा मी गावाहून आणलेल्या ट्रंकेतून माझा लहानपणीचा एक परकर काढून उलटा करून बघितला. सगळ्या शिवणी वरून खालून पांढऱ्या. मला दृष्ट लागली तर चालणार होती बहुतेक.

मला त्या दिवशी भूत वगैरे काही वाटलं नाही. मला राग आला. इतका की फोटोपुढचा दिवा विझवावा असं वाटलं. मी तुझं अंथरूण धुतलं आई, तुला घास भरवले. एकच लेक म्हणालीस ती मला, सगळ्यांदेखत, आणि मनात कुणाला धरून बसली होतीस? मशीन मला दिलंस ते तोंडाने दिलंस. दारावरची बेल वाजली की तू मान वळवायचीस. मला वाटायचं डॉक्टरांची वाट बघतेयस. फसवलंस मला. परक्याने फसवलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. तुला काय म्हणू?

आमच्या ह्यांनी संध्याकाळी ऐकलं आणि दोन मिनिटांत निकाल दिला. "तुम्ही दोघी दिवसभर रडलेल्या. तिने पाय मारला असेल, आठवत नसेल. काळा दोरा आधीपासूनच पदराला असेल." आधीपासून? उसवलेल्या टोकाला? मी त्यांच्याशी वाद घातला नाही. मशीनवर बसून दाखवलं फक्त. पहिल्याच टाक्याला दोरा तुटला.

बेबी परत गेल्यावर मी मशीनकडे बघणं टाळायला लागले. एकदा भंगारवाल्याला फोनही लावला आणि त्याने उचलायच्या आत कट केला. मग बेबीला लावला. म्हटलं, घेऊन जा तुझं ते.

"आक्का, असं कसं? आईनं तुला दिलंय."

"मला दिलंय, पर चालतंय तुला. काय करू मी त्येचं? आरती करू?"

ती रडायला लागली. तिच्या रडण्याने मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मशीन शेवटी मीच टेम्पोत घालून पसरणीच्या घाटाने पाचगणीला पोचवलं. तिच्या दोन खोल्यांच्या घरात खिडकीशी बसवून दिलं, पट्टा ताणला, दोरा ओवून दिला. बेबी भीतभीत बसली. शिवणाचा गंध नसलेली बाई — आणि मशीन असं चाललं की तिचा नवरा बघतच राहिला. आता ते आपोआप चालत नाही. तिलाच पाय मारावा लागतो. पण पहिल्या दिवसापासून एकदाही चाक उलटं गेलेलं नाही. आता ती शाळेतल्या पोरांचे गणवेश शिवते. खालून काळा दोरा पुन्हा आला नाही. मी विचारते, ती नाही म्हणते. मी विश्वास ठेवते.

पाचगणीच्या ओलाव्याने पट्टा सैल पडतो, मुंडी गंज धरते. मग बेबीचा फोन येतो आणि मी ऑइल-पाने घेऊन जाते. दुसऱ्या कुणाला ते मशीन उघडू देत नाही मी. परवाही गेले होते. सगळं साफ करून बसवलं. बेबी आत चहा करत होती, म्हणून चिंधी घालून हळूच पाय ठेवून बघितला. दोरा तुटला. तिला कळायच्या आत मी तो पुन्हा ओवून ठेवला आणि हाक मारली, "झालं गं. ये, बस."

तर असं आहे. या ग्रुपवर जाणकार लोक आहेत म्हणून विचारते. मुंडीत काही लोहचुंबकासारखं असेल का, की कुणी करणी केली असेल, की आमच्या गावच्या घरातच काही होतं? काहीही सांगा, मी मानायला तयार आहे. अगदी पांढरी साडीसुद्धा. फक्त आईचा जीव धाकटीत होता, एवढं मात्र कुणी लिहू नका. ते सोडून दुसरं काही कारण असेल तर सांगा.