राहूच्या डबक्यातला मरळीचा बाप

माझी लेक मुक्ता कॅनडाला गेली त्याला आता तिसरं वर्ष. रिटायर झाल्यापासून मी तिचे फोटो बघत घरात बसलेलो. ऑगस्टात एके पहाटे उठलो आणि बाईक काढली. मरळ माशाचा नर पिल्लं राखतो असं ऐकलं होतं, ते बघायचं होतं. शिरूरजवळच्या कंपनीत अठरा वर्षं शिफ्ट केल्या, बाजारात मरळ रग्गड विकत घेतली, पाण्यात मात्र कधी पाहिली नव्हती.

पुण्याहून लवकर निघा, म्हणजे वाघोलीचं ट्रॅफिक चुकतं. शिरूरला झणझणीत मिसळ खाल्ली आणि मासळीवाल्या मावशींना विचारलं. त्या हसल्याच. "लोक खायला इचारत्यात, तुम्ही बघायला! घोड नदीचं पानी आत्ता गढूळ हाय. राहू गावाला जावा, उसाच्या कडंला डबकी हायती."

न्हावऱ्यावरून पारगावचा पूल ओलांडला. भीमा दुथडी भरून वाहत होती. रस्ता बरा आहे, फक्त ट्रॅक्टरांनी आणलेल्या चिखलावर ब्रेक जपून दाबा.

राहूत एका शेतकऱ्यानं, सगळे त्यांना आप्पा म्हणतात, बांधावरून नेलं. "बोलू नका. त्यो लालसर पुंजका दिसतोय?"

शेवाळाजवळ पाणी बुडबुडत होतं. शेकडो इवली पिल्लं गोळा होऊन फिरत होती. त्यांच्याखालून काळं डोकं वर आलं, हवेचा घोट घेऊन बुडालं.

"बाप हाय," आप्पा कुजबुजले. "जवा पिल्लं असत्यात तवा धड खात बी न्हाई."

तेवढ्यात गळ घेऊन एकजण आला. त्यानं बेडूक लावला.

"दोन आठवडं थांब की," आप्पा म्हणाले.

"आप्पा, आत्ताच घावतोय त्यो. भुकंनं न्हाई, रागानं गळ धरतोय."

बेडूक पुंजक्यात पडला. पाणी फाटलं. नर धडकला, दोरी ताणली गेली आणि तो गळातून सुटला. पिल्लं चारी वाटांनी पळाली. पाणी रिकामं झालं.

"चुकलं माझं," गळवाला हळूच म्हणाला. त्यानं दोरी गुंडाळली, पण गेला नाही. आम्ही तिघं बांधावर बसून राहिलो. बऱ्याच वेळानं एक पिल्लू आलं. मग पाच. मग काळं डोकं.

मुक्ता पाचवीपासून पुण्याच्या होस्टेलला होती. मी तेव्हा शिरूरला राहायचो, रविवारी भेटायचो, तेही शिफ्ट नसली तर. परतीच्या रस्त्यावर चौफुल्याला पिठलं-भाकरी अर्धी टाकून उठलो.

रात्री घरी येऊन तिला फोन लावला. तिच्याकडे सकाळ. सगळं सांगितलं.

"पिल्लं परत जमली, बाबा?"

"जमली."

"सगळी?"

"माहीत नाही गं."

तिच्या खोलीत कुठंतरी किटलीची शिट्टी वाजत होती. पाणी उकळत राहिलं, ती उठली नाही. फोन कुणीच ठेवला नाही.