ओल्या सारवणावरची खूण

तबेल्याजवळून जाताना ओल्या शेणाचा वास आला, की परभणीच्या क्लबचं शेणानं सारवलेलं टेनिसचं मैदान आठवतं. बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. चौथीत शाळा सुटल्यावर मी झरी गावाहून ज्या बाईंकडे कामाला आले, त्या निजामाच्या काळात लुगडं नेसून टेनिस खेळायच्या, हैदराबादहून कप जिंकून आल्या होत्या. आता लकव्यानं त्यांचा उजवा हात गेला होता. तरी एका सकाळी "एक सर्व्हिस मारून बघते" म्हणत त्यांनी माझ्याकडून मैदान सारवून घेतलं आणि ते वाळायच्या आधीच उभ्या राहिल्या. क्लबचा शिपाई म्हणाला, "बाई, आता कुणाला हरवायलाव?" बाईंनी डाव्या हातानं मारून पाहिलं, पण चेंडू दर वेळी पायाशीच पडला. मग त्यांनी रॅकेट माझ्या हातात दिली. "मला न्हाई जमायचं, बाई." "मार तू. कुठं पडतो ते मी बघते." मी डोळे मिटून मारला. चेंडू जाळीपलीकडे गेला. ओल्या सारवणावर, रेषेच्या आत उठलेल्या खुणेकडे बाई बराच वेळ बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "आत आहे." त्यानंतर त्या मैदानावर कधीच आल्या नाहीत. आता पोटासाठी मी दूर परमुलखात राहते; इथली बोली कळत नाही, म्हणून नुसतं दार वाजलं तरी उघडायचा धीर होत नाही. तेव्हा डोळे मिटून मारलेला तो चेंडू आठवून बाईंचे तेच दोन शब्द मी मनात म्हणते आणि दार उघडते.