रुमालाखालचा भाव

मंगळवारी दुपारी माझी पत्नी वारली. मी शाळेत होतो. शेजारी बोलवायला आले. मी घरी पोहोचलो तेव्हा आत बायका जमल्या होत्या आणि मुलगी ओट्यावर बसली होती.

ज्या माणसाविषयी लिहायचे आहे, ते त्या दिवसामुळे माझ्या दारात पुन्हा आले, म्हणून आधी तो दिवस सांगितला. ते घरांचे दलाल होते. सगळे त्यांना आबा म्हणत, मीही आबाच म्हणेन.

तुम्ही कधी गुरांच्या बाजारात उभे राहिला असाल, तर घेणारा आणि दलाल यांना एकमेकांचे हात धरून उभे राहिलेले पाहिले असेल. हातांवर रुमाल टाकलेला असतो. रुमालाखाली बोटे दाबली जातात, जितकी बोटे तितका आकडा. वर मात्र दोघे पावसापाण्याचे बोलत असतात. शेजारी उभ्या असलेल्याला काही कळत नाही. आबांचे सारे आयुष्य त्या बाजारात गेले होते. जळगावच्या बाहेरच्या बाजूला नवे प्लॉट पडू लागले, तेव्हा ते असोद्याहून रोज येऊन घरांचीही दलाली करू लागले. बैल सुटले, रुमाल सुटला नाही.

माझे घर मेहरूणच्या रस्त्याला होते. दोन खोल्या, ओटा, मागे न्हाणी आणि एक लिंबाचे झाड. मुलीला तिचे आजी-आजोबा धुळ्याला घेऊन गेले होते. मला धुळ्याच्या एका शाळेत जागा मिळत होती. माझी विधवा बहीण मुलीला सांभाळायला यायला तयार होती. पण सासऱ्यांनी स्पष्ट सांगितले, "मास्तर, इथे स्वतःचे घर करा आणि मुलगी घेऊन जा. भाड्याच्या खोलीत आईविना पोर मी पाठवणार नाही." त्यांचे म्हणणे मला चुकीचे वाटले नाही. जळगावचे घर विकल्याशिवाय धुळ्यात घर होणार नव्हते. म्हणून आबांना निरोप धाडला.

आबा आले आणि घराभोवती फिरले. भिंतीवर थाप मारली, चौकटीवर बोटाने वाजवून पाहिले, उंबऱ्यावर पाय दाबला.

"किती वरसाचं?" त्यांनी विचारले.

"आठ."

"म्हंजे चारदाती हाये अजून. भरात हाये." बैलाचे वय दातांवरून सांगतात, तसे त्यांनी घराचे सांगितले.

मग खांद्यावरचा रुमाल झटकून त्यांनी माझा हात धरला, वरून रुमाल टाकला आणि माझ्याकडे पाहत राहिले. मी काय करावे ते मला कळेना.

"तुमचा भाव सांगा ना, मास्तर."

मी तोंड उघडले, तसे त्यांनी माझी बोटे करकचून दाबली. "तोंडानं नही! बोटानं!"

खोलीत आम्हा दोघांशिवाय कोणी नव्हते. मी पाच बोटे दाबली. म्हणजे पाच हजार. आबांनी मान हलवली आणि मग मोठ्याने म्हणाले, "औंदा कपाशी बरी दिसते."

पहिले गिऱ्हाईक चोपड्याचे केळीचे व्यापारी होते. बायकोला घेऊन आले. त्या बाईंनी वितीने स्वयंपाकघर मोजले, चूल कुठे, जाते कुठे, हेही ठरवून टाकले. मला वाटले, जमले. व्यापाऱ्यांनी चहा घेतला आणि हात पुढे केला. आबांनी रुमाल टाकला. दोघे केळीच्या भावावर बोलू लागले. मी आबांच्या तोंडाकडे पाहत होतो. बोलता बोलता ते एकदम थांबले आणि त्यांनी रुमाल असा हिसडला की व्यापाऱ्यांची अंगठी निसटून टेबलाखाली गेली. आम्ही सगळे, त्या बाईंसकट, गुडघ्यांवर बसून अंगठी शोधू लागलो. आबा मात्र उभेच होते.

"जमत नही," ते म्हणाले.

अंगठी सापडली. गिऱ्हाईक गेले.

"आबा, किती म्हणाले ते?"

"रुमालाखालचं वर आनू नही, मास्तर."

"अहो, पण घर माझं आहे!"

"घर तुमचं. रुमाल माझा."

हे पुढे कितीदा झाले ते सांगत बसत नाही. एक वकिलाचे कारकून आले, एक सुताचे दुकानदार आले, एक निवृत्त फौजदार दोनदा आले. प्रत्येकाला घर आवडे. चहा होई, हात रुमालाखाली जात, आणि थोड्या वेळाने तोच हिसडा, तेच दोन शब्द. मी चिडलो की आबा चहा बशीत ओतून फुंकर मारत आणि म्हणत, "घर म्हंजे काही दूध नोहे, मास्तर. नासत नही."

दर रविवारी मी मोटारीने धुळ्याला जात होतो. सुरुवातीला मुलगी धावत येई. मग ती दारात उभी राहून पाहू लागली. आजीला सगळे घर आई म्हणे, तीही आई म्हणू लागली होती. एका रविवारी मी ओट्यावर चपला काढत होतो, तेव्हा ती आत ओरडली, "आई, पाव्हणे आले!"

सासूबाई बाहेर आल्या आणि तिच्यावर रागावल्या. मी म्हणालो, असू द्या.

परतीच्या मोटारीत मी वाचायला घेतलेले पुस्तक उघडलेच नाही. घर नासत नाही, हे आबांचे म्हणणे खरे होते. दुसरे काही नासते की नाही, ते त्यांना कोण विचारणार?

पुढच्या वेळी फौजदार आले, तेव्हा हात रुमालाखाली जाण्याआधीच मी मोठ्याने म्हणालो, "फौजदारसाहेब, मला पाच हवेत. साडेचारलाही देईन."

आबांनी माझ्याकडे पाहिले. टोपी उचलून डोक्यावर ठेवली आणि ओटा उतरून गेले. फौजदारांनाही ऐकून बरे वाटले नसावे. एवढ्या उघड भावात काहीतरी काळेबेरे असणार, असे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. विचार करून कळवतो म्हणाले आणि कळवले नाही. दुसऱ्या दिवशी आबा पुन्हा हजर. "नवरीनंच आपल्या लग्नात मंगलाष्टकं म्हनल्यासारखं केलं तुमी," एवढे बोलून त्यांनी चहा मागितला.

शाळा सुरू झाल्या. मी धुळ्यात भाड्याने एक खोली घेतली, जळगावचे घर कुलूप लावून ठेवले. मुलगी सासऱ्यांकडेच राहिली. पावसाळ्यात घराची मागची भिंत ओली झाल्याचे शेजाऱ्यांनी सांगितले.

दिवाळीआधी मी मोटारीने जळगावला चाललो होतो. एरंडोलला मोटार चहासाठी थांबली. बाकावर ते चोपड्याचे व्यापारी बसले होते. त्यांनीच हाक मारली. "घर इकायनं का, मास्तर?"

"विकलं नाही अजून," मी म्हणालो आणि राहवेना म्हणून विचारले, "तुमचं का जमलं नाही?"

"घर भलतं चांगलं शे. हवा शे, पानी शे," ते म्हणाले आणि थोडे अवघडले. मग आमच्या बोलीत आले. "मी साडेचार दाबले होते. आणि तळहातावर नख ओढलं."

"नख?"

"बाजारात बैलाला खोड असली, मारका असला, बसका असला, की तळहातावर नख ओढतात. म्हणजे खोड आहे, त्याचे कमी करा. तुमच्या घरात तरणीताठी बाई गेली होती. असल्या घराला कोणीही थोडं कमीच देणार. त्यात रागावण्यासारखं काय? पण तुमच्या आबांनी नख लागताच रुमाल ओढला. ऐकतो, सगळ्यांशी तसंच केलं."

मोटार सुटेपर्यंत मी चहा प्यालो नाही. साडेचार मला चालले असते. तेवढ्यात धुळ्यात दोन खोल्या झाल्या असत्या. उन्हाळ्यातच.

जळगावला उतरून मी तडक गुरांच्या बाजारात गेलो. आबा एका खोंडाच्या जबड्यात बोटे घालून दात पाहत होते. मी कधी रस्त्यात मोठ्याने बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो.

"साडेचार मला चालले असते, आबा! तुम्ही मला सांगितलं का नाही?"

आबांनी खोंडाचे तोंड सोडले. "तुमाले चालले असते, मास्तर. म्हनूनच नही सांगतलं."

"म्हणजे?"

"बाई खोड नोहे."

आजूबाजूची माणसे पाहू लागली होती. आबांनी मला लिंबाखाली नेले. प्लॉट घेतला तेव्हा दलाल तेच होते, हे मला माहीत होते. व्यवहार याच बाजारात झाला आणि मी त्या दिवशी बाजूला वर्तमानपत्र वाचत उभा होतो. माझी पत्नी पुढे झाली होती आणि तिने हात पुढे करून म्हटले होते, "टाका आबा रुमाल, मीच बोलते." सारा बाजार हसला.

"परक्या बाईचा हात कसा धरू मी?" आबा म्हणाले. "सगळ्यांच्या देखत भाव तोंडानं बोलाव लागला मले. जन्मात येकदाच. आनि तिनं हसून त्याच्यातूनही कमी करून घेतला. तिच्या घरावर नख ओढू देऊ का कोनाले?"

ऐकून माझा राग जायला हवा होता. तो गेला नाही. मी म्हणालो, "आबा, माझी मुलगी मला पाहुणा म्हणते."

आबांनी रुमाल खांद्यावरून काढला, घडी केली, पुन्हा खांद्यावर टाकला. असे दोनतीनदा केले.

त्यानंतरचे गिऱ्हाईक पोस्टातले गृहस्थ होते. त्यांनी सवयीने हात पुढे केला. आबांनी रुमाल टाकला नाही. दारात उभे राहून, शेजारच्या ओट्यावरच्या बायकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "ह्या घरात बाई गेली. लपोत नही. बाई चांगली व्हती. मागची भिंत ओली हाये, तिचे कमी करा. बाईचे कमी करायचे नही. पटत असंल तर बोला."

ते गृहस्थ माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "भिंतीचेच करतो."

चार हजारांना घर गेले. चोपड्याच्या व्यापाऱ्यांनी नख ओढून दिलेल्या भावापेक्षा कमी. भिंत त्या पावसाळ्यात ओली झाली नसती, तर तसे झाले नसते. हे मी आबांना बोलून दाखवले नाही. ते त्यांना कळत होते. किल्ली दिल्यावर त्यांनी ओट्यावर माझा हात धरला आणि वरून रुमाल टाकला. आता ठरवायचे काही उरले नव्हते. मी आकडा शोधत होतो. त्यांनी एकही बोट दाबले नाही, हात नुसता धरून ठेवला. वर म्हणाले, "औंदा थंडी जास्त पडंल."

धुळ्यात घर व्हायला पुढचा उन्हाळा उजाडला. चार हजारांत बसेना म्हणून एकच खोली आणि पडवी घेतली. बहीण आली. मुलगी आली तेव्हा आपली बाहुली घट्ट धरून दारात उभी होती आणि कुठे बसू, असे विचारत होती.

आबा वारल्याचे मला खूप उशिरा कळले, तेही बाजारात बैल घ्यायला गेलेल्या एका पालकाकडून. त्या घराच्या प्रकरणात ते बरोबर होते की चूक, हे मी पुष्कळदा ठरवायला बसलो. राग आला की त्यांचा हात आठवतो, आणि हात आठवला की ते वाया गेलेले महिने आठवतात.

मुलगी आता माझ्याजवळ आहे, शाळेत जाते. मला बाबा म्हणते. आजीला अजून आईच म्हणते.