दर जूनला रिन्यू

अकरावीला 'रिन्यू' हे क्रियापद शिकवताना मी फळ्यावर उदाहरणं लिहायचे. लायसन्स रिन्यू करणं, गाडीचा विमा रिन्यू करणं, लायब्ररीतलं पुस्तक रिन्यू करणं. एकदा मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, मानूस रिन्यू हुतो का?" सगळा वर्ग खदखदून हसला. मीही हसले. हसले कसली, दात काढले. अकरा वर्षं दर जूनला माझंच तर रिन्यू व्हायचं!

राहात्याजवळच्या एका कॉलेजात मी कंत्राटावर इंग्रजी शिकवायचे. घर माझ्याच पगारावर चालायचं. संस्थेची रीत अशी, की वर्ष संपलं की आम्हाला एक दिवस कामावरून काढायचं आणि दुसऱ्या दिवशी परत घ्यायचं. नोकरी सलग झाली तर आम्ही कायम करा म्हणून हक्क सांगू ना! आणि त्या एका दिवशी आम्ही काय करायचो? कॉलेजातच जायचो. हजेरीपटावर सही नाही, पण प्रवेशाचे फॉर्म तपासायला आम्हीच पुढे. मेंढरंसुद्धा वाघरीची जाळी उघडी दिसली की बाहेर पळतात. आम्ही शिकलेली माणसं!

परत घेण्याआधी संस्थेच्या अध्यक्षांच्या बंगल्यावर हजेरी लावावी लागे. साहेब बनियनवर झोपाळ्यात. "काय मॅडम, अजून हायच का तुमी?" दरवर्षी हाच विनोद आणि दरवर्षी आम्ही तो पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसायचो. डिक्शनरीत रिन्यूचा आणखी एक अर्थ दिलाय, नव्यानं बळ देणं. बळ कसलं डोंबलाचं! त्या झोपाळ्यासमोरून उठताना पाठीचा कणा तिथंच ठेवून आल्यासारखं वाटायचं. मला त्या माणसाची किळस यायची, आणि त्याहून जास्त माझी.

यंदा बंगल्यावर जायच्या आधीच हेडक्लार्कनं बोलावलं. लेटरहेडचा कोरा कागद पुढे सरकवून म्हणाला, "मॅडम, साहेबांच्या सूनबाईंची अपॉइंटमेंटची ऑर्डर लिहून द्या. इंग्रजीत पायजे. आमची इंग्रजी म्हंजे आनंदच हाय."

"कुठल्या विषयाची?"

"इंग्रजीचीच."

"इंग्रजीची जागा तर एकच आहे."

"व्हय," ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधत तो म्हणाला. "तुमचं ह्या वर्षी रिन्यू न्हाई."

तो कागद त्याच्या तोंडावर फेकायला हवा होता. बंगल्यावर जाऊन चार शब्द सुनावायला हवे होते. घरी मुलीची बारावी आहे, हे तरी सांगायला हवं होतं. मी यातलं काही केलं नाही. अंगात अकरा वर्षांची सवय मुरली होती. खुर्ची ओढून बसले आणि माझ्या जागेवर येणाऱ्या बाईची ऑर्डर लिहिली. मग एकही चूक राहू नये म्हणून ती दोनदा वाचून पाहिली.