चांगल्या कापडाला भोक

चांगल्या कापडाला भोक पाडायला क्लास लागतो, हे मला केस पांढरे झाल्यावर कळलं. तोवर मी समजत होतो की भोक आपोआप पडतं आणि ते बुजवायला बाईमाणसाला सुई हातात घ्यावी लागते.

गावाला, दिघाशीला, आमच्या घरी गोधड्या असत त्या जुन्या लुगड्यांच्या. थरावर थर. वरचं लुगडं विरलं की आतलं डोकावायचं, हिरव्यातून लाल, लालमधून कुठलं तरी आजीच्या काळातलं जांभळं. पाहुणा यायचा असला की माझी आई आधी त्या भोकावर ठिगळ मारायची, मग चुलीकडे वळायची. सवड न्हाय मिळाली तर ती बाजू खाली करून अंथरायची. आतलं दिसलं म्हणजे घरची गरिबी दिसली. आणि इथे भिवंडीत बायका जिने चढून जात होत्या, कोरं कापड कात्रीने कापायला. का, तर खालचं दिसावं म्हणून!

मानकोलीकडे शेतांवर गोदामांचे पत्रे चढू लागले होते, त्या काळातली ही गोष्ट. शेजारच्या नव्या बिल्डिंगीत एक बाई राहायला आल्या. त्यांनी आमच्या बचत गटाच्या बायकांना शिकवायला घेतलं. दिवाळीसाठी एक मोठी गोधडी करायची, प्रत्येकीने एक चौकोन शिवायचा, आणि प्रत्येक चौकोनात आकाशकंदील. वर निळं कापड, खाली पिवळं, दोन्ही कच्च्या दोऱ्याने जोडलेली. निळ्यावर खडूने कंदील काढायचा, रेघेच्या आतलं निळं तेवढं कापून टाकायचं, कडा आत दुमडून बारीक टाके घालायचे. निळ्यातून पिवळा कंदील दिसतो. मग सगळे चौकोन जोडून ती गोधडी धनत्रयोदशीला हॉलमध्ये टांगायची, गटाच्या फराळाच्या विक्रीपाशी. टांगायची! अंगावर घ्यायची न्हाय. थंडी भिंतीला वाजते, हेही नवीनच कळलं.

आमची बायको त्यात गेली. जन्मभर गोधड्या शिवलेली बाई. पहिल्याच दिवशी तिच्या सरावाचा तुकडा बघून बाई म्हणाल्या, "मावशी, तुमचा टाका जाड पडतो हो." झालं. घरी येऊन तिने तो तुकडा उसवला, पुन्हा शिवला, पुन्हा उसवला.

मी म्हटलं, "भोकं पाडायला जातेस ते जा, वर बोलणी कशाला खातेस?"

"माझा चौकोन त्या गोधडीत लागला पाहिजे," ती म्हणाली. "एवढंच. मग तुम्ही पोट धरून हसा."

मी हसायला तेवढं थांबलो न्हाय, लगेच हसलो.

दिवाळी तोंडावर आली आणि चकल्या तळताना तिच्या हातावर तेल उडालं. उजवा हात, अंगठा आणि शेजारची दोन बोटं. डॉक्टरने पांढरं बोचकं बांधून दिलं. चौकोन तसाच राहिला. कच्चा दोरा झालेला, खडूचा कंदील काढलेला, कात्री अजून लागायची होती.

बाई भेटायला आल्या. हातात मोबाईल, चेहऱ्यावर कळवळा. म्हणाल्या, "मावशी, तुम्ही आराम करा. समोरच्या ताई दोन चौकोन करतील. त्यांचा हात छान बसलाय."

बायको नुसती त्या बोचक्याकडे बघत राहिली. चहा तिच्यापुढे निवला, वर साय धरली. ती गप्प बसली की मला घरात राहवत न्हाय. भांडली असती तर परवडलं असतं.

"समोरच्या ताईंना त्यांचा एक पुरे," मी म्हटलं. "आमच्या घरचा चौकोन आमच्या घरातून येईल."

"पण काका, शिवणार कोण?"

"मी."

बाई हसल्या. वाईट न्हाय हसल्या, पोराला हसतात तशा. "काका, हे नाजूक काम आहे."

"बाई, मी फोल्डिंग खात्यात उमर काढली. लूमवरून उतरलेलं कापड मोजायचं, फाडायचं, घडी घालायची, वर गोणपाटात गठाण शिवायची. मी शिवलेली गठाण मद्रासपर्यंत गेली, वाटेत कुठं उसवली न्हाय."

"ती दाभणाने हो," बायको बोलली. गप्प होती ती, बोलली ती हे.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेलेली, म्हणून गॅलरीत उजेडाला बसलो. ती शेजारी, हात उशीवर ठेवून. सुईत दोरा ओवायलाच माझी अर्धी दुपार खर्ची पडली. असली सुई! मिशीचा केस बरा. मग तिने सांगितलं, "आता वरचं निळं चिमटीत धरून उचला, कंदिलाच्या मध्ये बारकासा काप घ्या."

काप घेतला. आता हे कुणी गठाणीवाल्याला शिकवायला नको. आमच्या खात्यात कात्री फक्त काप द्यायला. पुढचं काम हाताचं. दोन्ही बाजू धरायच्या, एक हिसका द्यायचा, कापड दोऱ्याच्या अंगाने फाटत जातं, कात्री कधी जाणार न्हाय इतकं सरळ. माझ्या हातांनी मला विचारलंच न्हाय.

चर्रर्र!

फाटत गेलं ते खडूची रेघ ओलांडून, कच्चा दोरा तोडून, थेट चौकोनाच्या खालच्या काठापर्यंत.

"आवं!" बायको किंचाळली. "ठाण हाय का ते? कपाळ माझं! आता दुसरं निळं कुठून आणू? बाईंनी मोजून दिलंय!"

"कापडच भुसकट हाय तुमच्या बाईंचं."

"कापड भुसकट न्हाय, माणूस रेडा हाय."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्या फाटीकडे बघत बसलो. सरळ होती. उगाच कशाला न्हाय म्हणू, ओळंब्याने मारल्यासारखी सरळ होती. कंदिलाच्या पोटातून खाली गेलेली. आणि मला आमच्या गल्लीत टांगलेले कंदील आठवले. त्यांना खाली झिरमिळ्या असतात. बाईंच्या कंदिलाला एकही नव्हती. नुसता डबा.

"या कंदिलाची शेपटं कुठं हायत?" मी विचारलं.

"काय?"

मी कंदिलाच्या तळाशी पहिल्या फाटीच्या दोन्ही अंगांना आणखी काप घेतले आणि चर्र, चर्र, चर्र, ओळीने खाली फाडत गेलो. तिने आधी डोळे मिटले. मग एक उघडला.

कडा आत दुमडल्या तशा प्रत्येक फाटीतून पिवळी पट्टी दिसायला लागली. टाके माझे. जाड, गठाणीचे. ती म्हणाली, "बारीक घ्या." मी म्हटलं, "बारीक हवे तर समोरच्या ताईंना बोलाव." तिने डाव्या हाताने कापड तेवढं ताणून धरलं.

बाईंनी चौकोन बघितला आणि त्यांचं तोंड आंबट झालं. "काका, शेपट्या काठापर्यंत गेल्यात. इतरांशी जुळत नाही हो. आणि टाके... मला वाटतं या वेळेला राहू दे."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बायको उठली. बोचक्याचा हात पुढे करून म्हणाली, "बाई, खालच्या ओळीत लावा, कोपऱ्यात लावा. पण लावा. आणि एक टाका उसवायचा न्हाय."

तिचा आवाज मीही तसा ऐकला नव्हता. बाईंनी चौकोन घडी करून पिशवीत टाकला.

धनत्रयोदशीला हॉलमध्ये गेलो. गोधडी टांगलेली. आमचा चौकोन खालच्या कोपऱ्यात, आणि त्याच्यापुढे चिवड्याच्या पाकिटांचा ढीग. मी तो ढीग उचलून शंकरपाळ्यांकडे सरकवला. कुणी काही म्हणालं न्हाय. म्हणायला पाहिजे होतं, मी तयार होतो. बाकीचे कंदील एकजात सारखे, साच्यातून काढल्यासारखे. फराळ घ्यायला आलेली एक बाई वाकून आमच्या झिरमिळ्यांवर बोट फिरवत म्हणाली, "हा कुणाचा?"

"आमच्या घरचा," बायको म्हणाली. मग तिथेच उभी राहिली, विक्री संपेपर्यंत.

हात बरा झाल्यावर, थंडीत, ती गॅलरीत उन्हाला माझी गोधडी घेऊन बसली. गुडघ्यापाशी वरचं लुगडं विरलं होतं, आतलं माझ्या आईचं लाल दिसत होतं. मी ठिगळाचा तुकडा आणून दिला. तिने तो बाजूला ठेवला आणि भोकाच्या कडा आत दुमडून टाके घालायला लागली.

"ठिगळ लाव," मी म्हटलं. "मी काय प्रदर्शनात निजतो?"

"पाहुणा येणार हाय का कुणी?"

"न्हाय."

"मग गप बसा," ती म्हणाली, "आणि तेवढं कापड ताणून धरा."