सोळा मात्रांनंतरचा श्वास

आधीच सांगते, हे वाचून मला कुणी शांती-बिंती सुचवू नये. आम्ही बौद्ध, घरातले अंगारे-धुपारे आजोबांनीच उकिरड्यावर टाकले होते. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. तरी जे झालं ते झालं...

लोणावळ्यात मी पियानो शिकवते. पियानो, व्हायोलिन आणि चेलो, म्हणजे जमिनीवर टेकवून वाजवायचं मोठं व्हायोलिन, अशा तिघांसाठी मी एक रचना लिहिली. चेलो वाजवणारी नीला माझी शाळेपासूनची मैत्रीण. रचनेच्या मधोमध सोळा मात्रांची शांतता आहे, ती तिनेच भांडून ठेवायला लावली. आमच्यात समोर उभं राहून हाताने इशारे देणारा कंडक्टर नसतो. एकजण ऐकू येईल असा श्वास घेतो आणि त्यावर तिघं एकदम सुरू करतात. त्या जागी श्वास नीलाचा — नाकातून, बारीक शिट्टी वाजल्यासारखा. मागच्या वर्षी ती गेली.

यंदा तुंगार्लीच्या एका बंगल्यात, दुपारी तीनला, अद्वैत या नव्या चेलोवादकाबरोबर पहिली तालीम होती. नोटेशन मी कॉम्प्युटरवर नव्याने उतरवलं आणि एक मूर्खपणा केला — श्वास कुणी द्यायचा, ती जुन्या कागदावरची पेन्सिलची खूण उतरवायची राहिली. त्यामुळे शांततेत मी अद्वैतची वाट बघतेय, तो आमच्या व्हायोलिनवाल्या मुक्ताची, आणि मुक्ता माझी. सोळा मात्रा संपल्या... आणि श्वास आला. शिट्टीसकट. आम्ही तिघं एकदम सुरू झालो, जराही मागे-पुढे नाही.

नंतर अद्वैत मला म्हणाला, छान क्यू दिलात. सुरुवातीचा तो श्वास मी दिलाच नव्हता. मुक्ता रडायला लागली. तिने तो श्वास ओळखला होता. खिडक्या लावून पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच.

बंगला सांभाळणाऱ्या मावशी दारातून सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "ताई, तेवढं गप बसायचं काढून टाका. गेलेल्या माणसाला असं आडकवून ठिवू न्हाई."

अद्वैतनेही तेच धरलं. शांतता काढा, नाहीतर मी येत नाही. कार्यक्रम आठ दिवसांवर आला होता.

"मग नका येऊ," मी म्हटलं. "एक मात्रा कमी होणार नाही."

आला, कुरकुरत. कार्यक्रमात त्या जागी आमच्यापैकी कुणीच श्वास द्यायचा नाही असं मी बजावलं होतं. तरी आम्ही तिघं एकदमच सुरू झालो.

भास, सवय, थकवा... सगळं स्वतःला सांगून पाहिलं. पण अद्वैतने नीलाला कधी ऐकलंच नव्हतं. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. नीला गेली त्या दिवशी मी एक्स्प्रेस-वेवर अडकले होते, तिला थांब म्हणायलाही पोहोचले नाही. आता तिला जा म्हणायला मला कुणी सांगू नये.