अर्ध्या चेहऱ्यानं हसणारा दादा

दुपारी शाळेत पेपर तपासत बसले होते. फोनवर प्रज्ञाचं नाव दिसलं आणि हात थांबला. माझी ही भाची जन्मापासून जयपूरला, मराठी अडखळत बोलते. "आत्या, पप्पा... मतलब, पप्पा आता नाहीयेत," एवढंच म्हणाली. मागून वहिनीचा आवाज येत होता. ती रडत नव्हती, कुणाला तरी परत परत विनवत होती, "डॉक्टरला बोलवा ना, एकदा बघू द्या ना..." महिना उलटून गेला, तो आवाज काही जात नाही.

प्रकाशदादा रेल्वेत गार्ड होता. अकोल्याहून बदल्या होत होत जयपूरला पोचला आणि दुर्गापुऱ्यात घर बांधून तिथलाच झाला. तरी बोलणं मात्र आपलं वऱ्हाडीच. डाव्या कानाखाली त्याला सुपारीएवढी गाठ आली होती. दुखत नव्हती, म्हणून कुणी मनावर घेतली नाही. तो दाढी करताना तिच्यावरून वस्तरा वळवून न्यायचा, बस. मग एके दिवशी त्याच बाजूचा डोळा नीट मिटेना, गालाला मुंग्या येऊ लागल्या. सुई टोचून तपासणी झाली. लाळग्रंथीचा कॅन्सर.

लाळेचाही कॅन्सर असतो, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. जो भेटेल तो विचारायचा, "गुटखा खाते थे क्या?" वहिनी प्रत्येकाला सांगायची, सुपारीसुद्धा नाही हो खात! शेवटी तिनं डॉक्टरांनाच विचारलं, मग झाला कशामुळे? ते म्हणाले, बहुतेकदा कारण सापडतच नाही. तिला कुणावर तरी रागवायचं होतं, आणि समोर कुणीच नव्हतं.

कॅन्सरची ही जात हळू वाढणारी, पण नसांच्या कडेकडेनं सरकत जाणारी. चेहरा हलवणारी नस त्या गाठीतूनच जात होती. तीही कापावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशननंतर मी जयपूरला गेले तेव्हा दादा मला बघून हसला... अर्धाच. डावी बाजू तशीच लोंबत राहिली. मी तोंड फिरवलं, तर म्हणाला, "काऊन रडून राहिली वं? अर्धा तर हसलो ना मी!"

पण एकदा गच्चीवर कपडे काढायला गेले, तर तो कठड्याशी पाठमोरा उभा होता. हातात ड्यूटीची शिट्टी. तो फुंकत होता, आणि ओठ मिटतच नसल्यामुळे हवा बाजूनं निघून जात होती. नुसतं फुस्स... परत फुस्स. मी पावलं न वाजवता खाली आले. कपडे दोरीवरच राहिले.

मग रेडिएशन. त्यानं तोंड कोरडं पडलं, चव गेली. घास गिळायला घोटभर पाणी लागायचं. वहिनी जेवायला वाढून समोर बसायची, आणि तो एखादा घास चावून म्हणायचा, "पिठल्यात मीठ कमी पडलं वाटते." ती धावत मीठ आणायची. मी एकदा हळूच विचारलं, "दादा, चव कळते तुला?" तो म्हणाला, "काही नाही कळत. पण तिले वाटू दे ना, कळते म्हणून."

दोनेक वर्षं बरी गेली. पुढच्या तपासणीत फुप्फुसांत डाग दिसले. या जातीवर केमोचा फारसा उपयोग होत नाही, हेही तेव्हाच कळलं. वहिनीनं मग काही सोडलं नाही. कुणीतरी जयपूरबाहेरच्या कानोता गावाकडच्या एका जडीबुटीवाल्याचं नाव सांगितलं. जन्मभर असल्या गोष्टींना हसणारा माझा भाऊ धापा टाकत गाडीत बसला, गेला, आणि तो हिरवा काढा रोज पीत राहिला. मी चिडले. त्यानं माझा हात दाबला. "पिऊ दे. मी नाही पिलो तर ती काय करीन दिवसभर?"

शेवटच्या भेटीत वाक्य पुरं करायलाही श्वास पुरत नव्हता. निघताना मी नेहमीसारखं "येते दादा" म्हटलं. त्यानं उजव्या डोळ्यानं बघितलं. डाव्या डोळ्यावर पट्टी होती.

जलदानविधी झाल्यावर मी परतीला निघाले. वहिनी आणि प्रज्ञा स्टेशनवर सोडायला येणार होत्या. पिशव्या घेऊन आम्ही फाटकाबाहेर आलो आणि तिघीही आपोआप घराकडे वळून उभ्या राहिलो. त्या घरातून कुठंही जायचं तर दादा सगळ्यात शेवटी निघायचा. गॅस बघायचा, दिवे बघायचा, "सगळे आले ना बाहेर?" म्हणायचा आणि मग कुलूप लावायचा. चावी त्याच्याच खिशात असायची. रिक्षावाला हॉर्न देत होता. दार सताड उघडं होतं. आतला पंखा फिरत होता.

"मम्मी... चलें?" प्रज्ञा म्हणाली.

"थांब," वहिनी म्हणाली, "येतीलच."